फॉर एग्झाम्पल, माझा भाऊ

“सर, निबंधात मेलेला माणूस खरोखरचा मेलेला असावा लागतो का?”

वर्ग असा फुटला, की खालच्या मसाल्याच्या दुकानातल्या माणसाने नक्की मान वर करून पाहिलं असणार. विचारणारी अनुजा मात्र हात मागे बांधून सरळ उभी होती, चेहऱ्यावर अगदी भाबडी शंका. मागच्या बाकावर प्रिती ओढणीचं टोक तोंडात कोंबून हसत होती. पैज तिचीच होती. “एवढं तोंड सुटलंय ना तुझं, मग विचार सरांना. विचारलंस तर वडापाव माझ्याकडून. घाबरलीस तर तू द्यायचास.” आणि अनुजा घाबरणाऱ्यांतली राहिली नव्हती.

वर्षापूर्वी हीच पोरगी इंग्रजीच्या तासाला खिडकीच्या गजांना बघत बसायची. ‘येस मिस’ आणि ‘नो मिस’ एवढ्या भांडवलावर तिने नववी काढली. मग लालबागला तोरसकर सरांच्या क्लासला तिचं नाव घातलं, एकदा कसं कोण जाणे उत्तर बरोबर आलं, सर म्हणाले, “व्हेरी गुड, उभी राहून परत सांग,” आणि तिने ते परत सांगितलं. तेव्हापासून जी बोलायला लागली ती थांबेना. आता क्लासमध्ये कोणाला काही विचारायचं असलं की सगळे हिलाच पुढे करायचे.

प्रश्न तसा उगाच नव्हता. तोरसकर सरांची एक पद्धत होती. मुद्दा मांडा, कारण द्या, आणि लगेच ‘फॉर एग्झाम्पल’ लिहून खाली रेघ मारा. “उदाहरण नाही तर मुद्दा कशावर टांगणार? खिळ्याशिवाय कॅलेंडर राहतं का भिंतीवर?” असं ते म्हणायचे. पोरं गुणी. सर म्हणाले तसं करायची. मागच्या चाचणीत तंबाखूवर निबंध आला आणि लालबाग-परळातले निम्मे आजोबा एका दुपारी वारले. प्रितीचे आजोबा, रामजी, त्यांच्या बिल्डिंगखालच्या कट्ट्यावर कॅरम खेळत होते, राणीच्या मागे लागले होते, आणि तिकडे नात लिहीत होती की आजोबा गेल्यापासून आमच्या घरात कोणी हसलेलं नाही. हितेंद्र नावाच्या पोराने तर दोन्ही आजोबा घेतले आणि वर एक काका.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“अनुजा, बोर्डाचा परीक्षक पेपर तपासतो. मृत्यूचा दाखला मागायला घरी येत नाही.”

परत हशा.

“उदाहरण खरं का खोटं हे कोणी बघत नाही. मुद्द्याला बसतं का, एवढंच बघतात. काय बघतात?”

“बसतं का!” वर्ग ओरडला.

“आणि तुझ्या आजोबांना नमस्कार सांग माझा.”

“सर, माझे आजोबा खरंच वारलेत.”

“अरेरे. तंबाखू?”

“नाही सर. म्हातारपण.”

त्या दिवशी अनुजाने वडापाव असा खाल्ला, जसा काही तो तिला चारचौघांत हार घालून दिला होता. “तू ना, उद्या बोर्डाच्या चेअरमनला पण विचारशील,” प्रिती म्हणाली. “विचारीन की. काय खातो काय तो मला?” असं म्हणून तिने उरलेली चटणी बोटाने पुसून घेतली.

पुढच्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर नवा विषय लिहिला. ‘दहीहंडीचे उंच थर बंद करावेत का?’

एकच कल्ला झाला. क्लासमधली अर्धी पोरं कुठल्या ना कुठल्या पथकातली, दोघी-तिघी मुलीसुद्धा. “सर, हा विषयच बंद करा!” हितेंद्र ओरडला. “आमच्या एरियात येऊन बोला सर असं!” सर हसत होते. डोंबिवलीहून यायचे, त्यांना मजा वाटत होती. फक्त अनुजा काही बोलली नाही, आणि ती बोलली नाही हे फक्त प्रितीच्या लक्षात आलं.

अनुजाच्या घरात हा शब्द दोन वर्षं कोणी उच्चारत नव्हतं. गोपाळकाल्याला आई दार आणि खिडकी दोन्ही लावून घ्यायची, पंखा मोठा करायची, आणि तरी ढोल आत यायचेच.

तिचा भाऊ शंतनु खिडकीशी कॉटवर असायचा. परळच्या त्यांच्या चाळीत तिसरा मजला, लिफ्ट नाही. बी.कॉम.चं दुसरं वर्ष त्याने जिथे सोडलं होतं तिथेच ते राहिलं होतं. कमरेखाली काही कळत नव्हतं, हातांत जोर यायचा तेवढा आला होता. फार तर वाटी धरता यायची, भरलेला ग्लास नाही. पथकातली पोरं सुरुवातीला रोज यायची, कॉटवर बसायची, बोलायला काही नसलं की मोबाइल दाखवायची. मग रविवारी यायला लागली. मग गणपतीला. दोष त्यांचाही नव्हता. नोकऱ्या लागल्या, कोणाची लग्नं ठरली.

शंतनु कधीच वर चढणाऱ्यांतला नव्हता. रुंद खांद्यांचा, जड अंगाचा, म्हणून त्याला दुसरा थर दिला होता. पहिल्या थराच्या खांद्यांवर उभं राहायचं, बाजूच्यांच्या खांद्यांत हात गुंतवायचे, मान आत ओढायची, आणि वर काय चाललंय ते बघायचं नाही. दुसऱ्याने वर बघायचंच नाही, असा त्यांच्या पथकाचा नियम. वर बघितलं की मान उघडी पडते, आणि माणूस घाबरतो. त्या वर्षी वरचे हलले. खालच्याला ते डोळ्यांनी कळत नाही, अंगावरचा भार सरकतो त्यावरून कळतं. बाजूचे दोघे सुटले. शंतनु सुटला नाही, कारण तो सुटला असता तर वरची सगळी पोरं सरळ डांबरावर गेली असती. एक पोरगा त्याच्या मानेवर आला. तो पोरगा उठून, अंगावरचं पाणी झटकत, आपल्या पायांनी घरी गेला.

हे सगळं घरात कोणी सांगितलेलं नव्हतं. पथकातली पोरं जिन्यात बोलताना अनुजाने ऐकलं होतं, तेव्हा ती लहान होती आणि गप्प होती.

आता ती गप्प राहणारी नव्हती. संध्याकाळी कॉटला टेकून ती लिहायला बसली.

“काय गं, कसला निबंध?” शंतनुने विचारलं.

“सेफ्टीवर.”

“बाप रे. हेल्मेट घाला, सीटबेल्ट लावा?”

“तसंच काहीतरी.”

तिने लिहिलं. थर बंद करावेत, असा मुद्दा. कारण, पडणारा एकटा पडत नाही. मग फॉर एग्झाम्पल, खाली रेघ. माझा मोठा भाऊ दुसऱ्या थरात उभा होता. तो चालू शकत नाही. मला त्याची जुनी चाल आठवते, जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या गाळत यायचा. लिहिताना तिला रडू आलं नाही, उलट मोकळं वाटलं. इतके दिवस घरात दाबून ठेवलेली गोष्ट परक्या भाषेत लिहायला सोपी जात होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिचा निबंध हातात घेतला, उभ्याउभ्या वाचला आणि लाल पेन काढलं.

“आयडिया फर्स्ट क्लास. फक्त उदाहरण जरा लंगडं पडतंय.”

अनुजाने पुढे होऊन कागदात डोकावलं.

“हे बघ. दुसरा थर. आता परीक्षक असेल नागपूरचा, त्याला काय कळणार दुसरा थर? वर चढव त्याला. सगळ्यात वर. पुढे, तो गेला कशाला? कारण दिसलं पाहिजे. बक्षिसाचा मोह. आई-वडील नको म्हणत होते, ऐकलं नाही. म्हणजे चूक आणि शिक्षा, दोन्ही आलं. आणि हे ‘चालू शकत नाही’...” सरांनी त्याच्यावर एक गोल काढला. “हे अर्धवट राहतं. वाचणाऱ्याला वाटतं, पुढे काय झालं? बरा झाला का? त्यापेक्षा संपव. ‘ही डाइड ऑन द स्पॉट.’ बघ कसं बसतं.”

अनुजाने तोंड उघडलं. प्रितीने बाकाखालून तिला लाथ मारली. सांग ना, अशी लाथ. पण तेवढ्यात सर वर्गाकडे वळून म्हणाले होते, “याला म्हणतात कल्पनाशक्ती! आजोबांना मारणं सोपं आहे रे, आजोबा जायचेच असतात. हिने बघा, भाऊ आणला. एकदम काळजाला हात!” सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या होत्या. हितेंद्र सुद्धा बघत होता. आणि खरोखरचा मेलेला लागतो का, असा प्रश्न भर वर्गात विचारलेल्या मुलीने आता उठून कसं म्हणायचं, की सर, हा खरा आहे?

“सांगितलं का नाहीस?” जिना उतरताना प्रितीने विचारलं.

“अगं निबंध आहे. तुझे आजोबा नाही का मेले?”

“माझे आजोबा गेले तेव्हा खाली कॅरम खेळत होते,” प्रिती म्हणाली. “शंतनुदादा कुठे खेळतो?”

त्यावर अनुजा तिच्याशी दोन दिवस बोलली नाही. आणि निबंध सरांनी सांगितला तसा लिहिला. भाऊ वर गेला, मोहात पडला, आईचं ऐकलं नाही, जागीच मेला. इंग्रजी इतकं झरझर आलं की तिचं तिलाच नवल वाटलं. सरांनी पैकीच्या पैकी मार्क दिले, वर्गात वाचून दाखवला, पुढच्या बाकावरच्या एका मुलीने डोळे पुसले. त्याच दुपारी सरांनी त्याचा फोटो काढून क्लासच्या सगळ्या ग्रुपांवर टाकला. ‘मॉडेल उदाहरण. सर्वांनी पाठ करणे. आपापल्या शब्दांत चालेल.’

आणि मग ती बातमी. दादरच्या एका हॉलमध्ये क्लासेसची मिळून इंग्रजी भाषणाची स्पर्धा होती, रविवारी सकाळी. तोरसकर सरांनी नाव दिलं अनुजाचं. भाषण तेच.

ती घरी उड्या मारतच आली. आई, सुचित्रा, नुकतीच दादरच्या साडीच्या दुकानात दिवसभर विक्रीला उभी राहून आली होती आणि पाय बादलीत सोडून बसली होती. पप्पा, प्रफुल्ल, औषधांच्या गोदामातून यायचे होते.

“आई! माझं भाषण! इंग्लिशमध्ये! हॉलमध्ये! माइकवर!”

“हळू गो, पाणी सांडेल. कसलं भाषण?”

“दहीहंडीवर,” ती बोलून गेली.

आईचे पाय बादलीत थांबले. कॉटवरून शंतनुने मान वळवली.

“म्हणजे थरांवर. सेफ्टीवर. बंद करायला पाहिजेत, असं.”

“आपल्या दादाचं लिहिलंस गो तू?” आईने अगदी हळू विचारलं.

“नाव नाही घेतलं. माय ब्रदर एवढंच आहे.”

आईने पाय बादलीतून बाहेर काढले. मग म्हणाली, “बरं केलंस. आम्हाला कोणाला जमलं नाही. कळू दे लोकांना, काय होतं ते.” आणि पदराने तोंड पुसून एकदम उठलीच. “मग आपण सगळेच जाऊ. शंतनु, तू पण येशील? पोरांना सांगते, उचलून नेतील खाली. येशील ना रे?”

हॉस्पिटलखेरीज शंतनु दोन वर्षांत खोलीबाहेर पडला नव्हता. मामाच्या लग्नाला नाही, बाप्पाला नाही. विचारलं की म्हणायचा, नको, लोक बघतात. आई विचारायची ती आता सवयीने, उत्तर माहीत असूनच.

“येतो,” शंतनु म्हणाला.

“काय?”

“येतो म्हटलं. हिचं इंग्लिश ऐकायचंय मला. नववीत मँगोचं स्पेलिंग विचारायची मला ही.”

त्या संध्याकाळी त्या घरात सण असल्यासारखं झालं. पप्पा आल्या आल्या परत खाली उतरले आणि शेवबुंदी घेऊन आले. आईने ट्रंकेतून शंतनुचा निळा शर्ट काढला, अंगाला लावून बघितला, खांद्यांत ढगळ होतो म्हणून दोन्हीकडे टाके घालायला बसली. पप्पांनी पथकातल्या पोरांना फोन लावले. चार जण रविवारी सकाळी नक्की येतो म्हणाले. अनुजा हसत होती, शेव खात होती, आणि भाषणातलं एकेक वाक्य आठवत होती. रविवारपर्यंत करू काहीतरी, तिने मनाशी म्हटलं. एक-दोन वाक्यं बदलू. सरांना कुठे कळणार?

पण रविवारपर्यंत थांबायची वेळच आली नाही.

शेजारच्या खोलीतली श्रेया नववीला होती. तिच्या आजीने, शांताकाकूंनीच, तिला तोरसकर सरांच्या क्लासला घातलं होतं, अनुजाचं बघून. शांताकाकूंचं म्हणणं असं, की मनातल्या मनात वाचलेलं राहत नाही, गॅलरीत उभं राहून मोठ्याने म्हटलेलं राहतं. त्यांची मुलं तशीच शिकली, नातही तशीच शिकत होती. चाळीला त्याची सवय होती. श्रेयाचे पाढे, श्रेयाचा इतिहास, सगळ्या मजल्याला पाठ.

गुरुवारी संध्याकाळी अनुजा शंतनुच्या हाताचा व्यायाम घेत होती. रबरी बॉल दाबायचा, सोडायचा, दाबायचा. बाहेर कठड्याला टेकून श्रेयाने सुरुवात केली.

“फॉर एग्झाम्पल, माय एल्डर ब्रदर वॉज अ गोविंदा...”

शंतनु हसला. “हिला कुठला गं मोठा भाऊ? एकटीच ना ती?”

“दादा, बॉल. दाब.”

“ही वॉज स्टँडिंग ऑन द टॉप. ही वॉज ग्रीडी फॉर प्राइझ मनी. माय मदर सेड डोन्ट गो, बट ही डिड नॉट लिसन...”

“मोठ्याने म्हण गं, कळत नाय,” आतून शांताकाकू.

“ही वॉज ग्रीडी फॉर प्राइझ मनी!” श्रेयाने आवाज चढवला. “ही फेल फ्रॉम द टॉप! ही डाइड ऑन द स्पॉट! ऑन द स्पॉट, ऑन द स्पॉट. नाउ आय हॅव नो ब्रदर!”

मग पुन्हा पहिल्यापासून. पाठांतर असं एकदा म्हणून होत नाही. अनुजाने उठून दार लावलं, पण गॅलरीकडच्या खिडकीची काच कधीची फुटलेली होती. शंतनु ऐकत होता. हसू गेलं होतं, पण कपाळाला आठीही नव्हती. नीट लक्ष देऊन ऐकत होता, वर्गात बसल्यासारखा.

“क्लासचं आहे का हे?”

“हो. सगळ्यांना दिलंय.”

“लिहिलंय कोणी?”

अनुजाला हजार गोष्टी बोलता यायच्या आताशा. तिने त्याच्या हातातला बॉल काढून घेतला आणि ओढणीने पुसायला लागली.

“मी वर नव्हतो गं,” शंतनु म्हणाला.

“दादा, सर म्हणाले की...”

“मेलो ते ठीक आहे. खरंच ठीक. मला पण वाटतं कधीकधी, की ते सोपं झालं असतं सगळ्यांना. पण पैशासाठी चढलो? अनू, मी चढलोच नव्हतो. मी उभा होतो.” तो थांबला. दम लागला होता त्याला. “आईने नको म्हटलं, असं लिहिलंयस. आईने माझ्या टी-शर्टला इस्त्री करून दिली होती त्या दिवशी. ती ऐकेल ना रविवारी.”

“मी बदलते. आज बदलते, दादा. खरं होतं तेच लिहिते.”

“बॉल दे,” तो म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता दाबत राहिला.

शुक्रवारी ती क्लासला तास सुरू व्हायच्या आधीच पोचली. सर एकटे डस्टर झटकत होते. तिने सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, एका दमात, रडत. सर आधी खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले आणि मग बसलेच.

“खरा भाऊ? म्हणजे तुझा? आणि आहे... जिवंत आहे?” त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसायचं विसरले. “मला का नाही सांगितलंस, बाळा? मी त्याला... माझ्या हाताने मी...”

त्यांनी तिथल्या तिथे मोबाइल काढून सगळ्या ग्रुपांवर लिहिलं, ‘दहीहंडीचा निबंध कोणीही वापरू नये.’ तिला पाणी दिलं. तिला बरं वाटायला लागलं होतं. मग सर म्हणाले, “ऐक. आता आपण खरंच सांगू. तो येणार आहे ना हॉलमध्ये? त्याला स्टेजवर घेऊ. व्हीलचेअरवर. तू बोल, आणि शेवटी त्याच्याकडे हात कर. असं उदाहरण कोणाकडेच नसेल, अनुजा. सगळा हॉल उभा राहील.”

त्यांच्या डोळ्यांत खरं पाणी होतं. त्यांना वाईट म्हणताच येत नव्हतं. आणि एक क्षण अनुजाला सगळा हॉल उभा राहिलेला दिसलासुद्धा.

घरी येऊन तिने शंतनुला ते सांगितलं. घाईघाईने, आता सगळं चांगलंच होणार अशा आवाजात. त्याने ते संपेपर्यंत ऐकलं.

“तुला पाहिजे तर तू खरं बोल,” तो म्हणाला. “पण मी येणार नाही. आधी मेलेला पाहिजे होतो, आता हलत नाही तो पाहिजे आहे. मला कशाचंच उदाहरण करू नको ना गं. मी नुसता घरात असतो, तेवढा राहू दे.”

बाहेर श्रेया पुन्हा उभी होती. अनुजा तिच्या अंगावरच धावून गेली. “सरांचा मेसेज नाही बघितलास? वापरायचा नाहीये तो!”

“बघितला की,” श्रेया बिचारी भेदरून म्हणाली. “मी कुठे म्हणतेय? मी दुसरा पाठ करतेय, पाण्याचा. पण हा मध्येमध्ये येतो. पाठ झालेलं कसं विसरायचं, ताई?”

प्रितीने संध्याकाळी कळवलं, की निबंध केव्हाच दुसऱ्या क्लासेसना गेलाय, दादरला तिच्या मावसबहिणीकडेसुद्धा आलाय. पुढे लिहिलं होतं, ‘तू ठीक आहेस ना?’ कोणत्या कोणत्या शाळेत, कोणत्या बाकावर बसून कोण कोण शंतनुला वर चढवणार होतं आणि खाली पाडणार होतं, ते आता तिच्या हातात राहिलं नव्हतं.

शनिवारी पप्पा लवकर आले. आईने टाके घातलेला निळा शर्ट हँगरला लावून खिळ्यावर अडकवला होता. शंतनु म्हणाला, “आई, मी नाही येत उद्या.”

“का रे?” आई हसतच वळली. “घाबरलास? पोरं नीट नेतील.”

“नाही. नको वाटतंय.”

“अरे, पोरांना सांगून झालंय. पप्पांनी टॅक्सी सांगितलीय.”

“नको.”

आईचं हसू हळूहळू उतरलं. “एवढं पण नाही का तुझ्याच्याने होत? ती एवढीशी पोर तुझ्यासाठी उभी राहून बोलणार, आणि तू तासभर बसू शकत नाहीस? कायम आपलं नको, नको. आम्ही काय करायचं रे अजून? सांग ना, काय करायचं?”

ती असं कधी बोलत नसे. दोन वर्षांत एकदाही बोलली नव्हती. पप्पा म्हणाले, “सुचित्रा, जाऊ दे.” पण तिला ते जाऊ देता येत नव्हतं, तिला वाटलं होतं की आता हा बाहेर पडतोय, हळूहळू सगळ्यातूनच बाहेर पडेल. ती बोलत राहिली. आणि शंतनु ऐकत राहिला. एक शब्द बोलला असता तर सुटला असता. त्याने अनुजाकडे बघितलंसुद्धा नाही, तिचं नाव कुठे येऊ नये म्हणून.

अनुजा मोरीच्या उंबऱ्याशी उभी होती. हॉलमध्ये, माइकवर, शेकडो माणसांपुढे बोलायला तिला भीती वाटली नसती. या दहा बाय बाराच्या खोलीत, तीन माणसांपुढे, तिने आधी चौकट घट्ट धरली.

“आई, त्याला ओरडू नकोस. तो माझ्यामुळे येत नाहीये.”

तिघांनी तिच्याकडे बघितलं. “अनू, राहू दे,” शंतनु पटकन म्हणाला.

“नाही दादा.” तिने आईकडे बघितलं, मग पप्पांकडे, मग परत आईकडे. “मी निबंधात त्याला मारलंय. सगळ्यात वर चढवलाय, पैशासाठी गेला असं लिहिलंय, तू नको म्हणत होतीस आणि त्याने ऐकलं नाही असं लिहिलंय. जागच्या जागी मेला म्हणून लिहिलंय. मार्क मिळावेत म्हणून. सर म्हणाले तसं बसतं, आणि मला ते आवडलं. श्रेया बाहेर म्हणत होती ते तेच होतं. दादाने सगळं ऐकलंय.”

आई खाली बसली. कशावर बसतेय ते न बघता, पप्पांच्या चपलांवरच. पप्पांचा हात शर्टाच्या हँगरवर होता तो तिथेच राहिला. आई शंतनुकडे बघत होती, आणि तो तिच्याकडे, आणि दोघांपैकी कोणालाच डोळे पुसायला सुचत नव्हतं.

“मग आता?” शेवटी पप्पांनी विचारलं. रागाने नाही. खरंच कळत नसल्यासारखं.

“मी उद्या जाणार नाही,” अनुजा म्हणाली. “सरांना दुपारीच फोन करून सांगितलंय, माझं नाव काढा. खोटं पण बोलणार नाही आणि खरं पण नाही. आणि बोर्डाला हा विषय आला तर तो प्रश्न मी सोडून देणार आहे, पप्पा. पूर्ण. जेवढे मार्क जातील तेवढे जाऊ देत.”